आजीचा तांब्या घेऊन कोंडागावला

दिवस पहिला : नागपूर ते कोंडागाव

आजी गेल्यावर तिच्या घरातली भांडी वाटली गेली, तेव्हा माझ्या वाट्याला बुडाला चीर गेलेला एक पितळी तांब्या आला. पाणी धरत नव्हता. आतली कल्हई कधीच उडाली होती. वहिनी म्हणाली, "मोडीत घाल, चार पैसे तरी येतील." माझा हात काही धजला नाही. तीन वर्षं तो कपाटावर पडून होता. या जानेवारीत छत्तीसगडातल्या बस्तरला जायचं ठरलं तेव्हा तो जुन्या सुती पातळात गुंडाळला आणि पिशवीत घातला. तिथल्या कोंडागावचे घडवे, म्हणजे पितळेचे ओतारी, जुनी भांडी वितळवूनच मूर्ती ओततात हे ऐकून होते. वितळायचाच असेल तर तिथं वितळू दे, एवढंच मनात होतं.

सकाळच्या गाडीनं दुपारी रायपूर. तिथून बस. धमतरी, कांकेर करत रस्ता दक्षिणेला उतरतो आणि केशकाळचा घाट लागतो. वळणांमागून वळणं घेत बस वर आली की बस्तरचं पठार सुरू होतं. दोन्ही बाजूंना सालाची उंच झाडं, मध्येच भात कापून मोकळी झालेली खाचरं. रायपूरपासून कोंडागाव सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, पण घाटात मालट्रकांची रांग लागली होती, त्यामुळे पोचेपर्यंत रात्रीचे साडेनऊ झाले. लॉजवर वरण-भात मिळाला. अंग टाकलं.

दिवस दुसरा : मेणाचा दोरा

भेलवापदर ही घडव्यांची वस्ती. जयदेव बघेल इथलेच. बस्तरचं हे काम देशात-परदेशात नेणाऱ्यांत त्यांचं नाव पहिलं, आणि आजही वस्तीत ते आदरानं निघतं. माझी ओळख एका मित्राच्या मित्रामार्फत झाली होती. घर साधं, पुढे अंगण, अंगणात उन्हाला वाळत घातलेली मातीची जनावरं. घरधन्यांना मी दादा म्हणू लागले, त्यांच्या आईला आई.

आधी नावाबद्दल लिहिते, कारण दादांनी पहिल्या दहा मिनिटांत तेच सांगितलं. दुकानांत या कामाला सर्रास 'ढोकरा' म्हणतात. ढोकरा डामर ही बंगाल-ओडिशाकडची फिरती ओतारी जमात, तिच्यावरून ते नाव सगळ्या देशभर पसरलं. सरकारी भौगोलिक मानांकनही 'बस्तर ढोकरा' याच नावानं आहे. पण इथले लोक स्वतःला घडवा म्हणवतात. घडवणारा तो घडवा. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मी यापुढे तोच शब्द वापरणार आहे.

तांब्या बाहेर काढला. दादांनी तो उलटा करून चिरेवरून अंगठा फिरवला, टिचकी मारून कानाशी धरला. "चांगलं पितळ आहे, जुनं. काय करू याचं?"

मी फोनमधला एक फोटो दाखवला. दायमाबादचा हत्ती. आपल्या अहिल्यानगर (जुन्या नगर) जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे, तिथं 1974 साली एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं खोड खणताना चार धातूच्या वस्तू सापडल्या: बैलांचा रथ, म्हैस, गेंडा आणि हत्ती. हडप्पाकालीन परंपरेशी त्यांचं नातं जोडलं जातं. आमच्या गावाकडचा हत्ती तुमच्या हातानं करून द्या, अशी माझी मागणी. दादांनी फोटो मोठा करून पाहिला. सोंडेपाशी थांबले, पायांपाशी थांबले. मग विचारलं, "आत पोकळ की भरीव?" भरीव म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. "एवढा धातू! राजाचं काम असणार. आपण पोकळ करू. पाठीवर दिवा लावू, म्हणजे घरात उपयोगाला येईल."

फळीवर वाळलेले गाभे तयार होते. गाभा म्हणजे आतला मातीचा आकार. काळ्या मातीत भाताचा कोंडा मळून तो करतात, वर बारीक मातीचा हात देतात. कोंडा भट्टीत जळतो, मातीला बारीक छिद्रं पडतात, त्यातून वाफ आणि वायू निघून जायला वाट मिळते. नाहीतर साचा फुटेल. दादांनी वीतभर उंचीचा एक हत्तीचा गाभा उचलला, घासून गुळगुळीत केला आणि परसातून वालाची पानं आणायला पोरीला पिटाळलं. ती पानं चुरगाळून त्यांनी गाभ्यावर घासली. माती हिरवट झाली. या रसानं मेण मातीला धरून राहतं.

मग मेण. मधमाश्यांचं मेण महाग झालंय, त्यामुळे आता त्यात पॅराफिन घालतात, आणि चिकटपणासाठी सालाची राळ. उन्हात मऊ केलेला गोळा एका नळीत घालून वरून दट्ट्या दाबायचा, खालच्या चकतीच्या भोकातून दोरा बाहेर पडतो. आपला सोऱ्याच. दिवाळीत आजी शेव पाडायची तेव्हा ती जशी सगळं अंग खाली घालून दाबायची, तशाच दादांच्या आई पाटावर बसून दाबत होत्या, आणि पाण्याच्या परातीत पिवळट दोऱ्याची वेटोळी पडत होती.

तो दोरा हत्तीवर चढताना मी दोन तास जागची हलले नाही. पायापासून सुरुवात. दोऱ्याला दोरा लावून, मध्ये केसभर फट न ठेवता, गोल गोल. अंगठ्याच्या कडेनं हळूच दाबायचं, सपाट होईल इतकं नाही, निसटेल इतकं सैल नाही. घडव्यांच्या मूर्तीवर ज्या बारीक समांतर रेषा दिसतात त्या कोरलेल्या नसतात, हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. त्या या दोऱ्याच्या आहेत. पुढे मेण जाईल आणि त्याच्या जागी पितळ येईल, पण दोरा जसा बोटाखालून गेला तसाच राहील. सोंडेच्या वळणावर दादांचा अंगठा जरा जास्त दाबला गेला आणि तिथं दोरा चपटा झाला. मी बोट दाखवलं. "राहू दे," म्हणाले, "तिथं हत्तीची सुरकुती असते."

कानांना दुहेरी दोरा, कपाळाला नागमोडी, गळ्यात घंटेचा ठिपका, पाठीवर पणती. शेवटी पोटाखालून मेणाची एक जाड कांडी बाहेर काढली. तीच पुढे धातू आत जायची वाट. मग दादांनी कामाचं सगळं मेण आधी तोललं होतं त्यातून उरलेलं वजा केलं. हत्तीला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास लागलं होतं. पितळ त्याच्या आठ-दहा पट लागतं. म्हणजे आजीच्या तांब्यानं भागणार नव्हतं, दुसरी मोड घालावी लागणार होती.

दुपारी जेवायला बसवलं. भात, कुळथाची डाळ आणि वाडग्यात नाचणीची पातळ आंबील. तिला आई 'मंडिया पेज' म्हणाल्या. पेज! माझी आजी सावंतवाडीची. सकाळी पेज घेतल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नसे. नागपुरात हा शब्द कुणी बोलत नाही, आणि इथं पाचशेहून जास्त किलोमीटर आणखी पुढे येऊन तो ताटात आला. मग दादांच्या आईंनी मला विचारलं, "तुचो नाव काय आय?" मी घास तसाच हातात धरून बसले. ही हलबी, इथली बोली. ब्रिटिश काळातल्या ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात ती मराठीच्या खंडात घातलेली आहे. हल्लीचे अभ्यासक तिला वेगळं मानतात, तो वाद जाणकारांचा. मला त्यातला 'चो' तेवढा ऐकू आला. आजी म्हणायची 'घराचो दरवाजो', 'रामाचो झील'. तीन वर्षांत तो 'चो' कानावर पडला नव्हता.

दिवस तिसरा : मातीचे हात

सकाळी मेणाच्या हत्तीवर मातीचा पहिला हात. कोळशाची पूड आणि बारीक माती कपड्यातून गाळून, शेण-पाण्यात कालवून, साईसारखी. हा हात सगळ्यात महत्त्वाचा, कारण मेणावरच्या प्रत्येक दोऱ्याचा ठसा याच थरावर उमटतो. एक बुडबुडा राहिला तरी पितळात फोड येतो. आई पिसानं लावत होत्या. सावलीत सुकलं की वर वारुळाच्या मातीचा थर, आणि संध्याकाळी कोंडा घातलेल्या जाड मातीचा. शेवटी हत्ती दिसेनासा झाला. रताळ्यासारखा एक ओबडधोबड गोळा, खाली एक तोंड.

शेजारी तसाच एक मोठा गोळा आठवड्यापासून वाळत होता. त्यात मावली माता होती. जवळच्या एका गावानं सांगून करून घेतलेली, जत्रेआधी हवी होती. हे काम वेगळं, असं दादा म्हणाले. दिवाणखान्यातल्या मूर्तीला गिऱ्हाईक नाक लांब करा, मान उंच करा असं सांगतं. गावाच्या देवीचं रूप गाव ठरवतं. तिच्या हातात खांडा कुठल्या बाजूला, बसणी कशी, हे पुजारी सांगतो आणि त्यात दोऱ्याचाही फरक चालत नाही.

मावली हे नाव ऐकून मी पुन्हा आजीकडे गेले. सावंतवाडी तालुक्यात सोनुर्लीची माउली आहे, लोटांगणाच्या जत्रेची. आजी दर वर्षी जायची. या दोन देवींचा एकमेकींशी काही संबंध आहे असा माझा दावा नाही. पण ते नाव घेताना दादांच्या आईंचा हात आपोआप कपाळाकडे गेला, आजीचाही जायचा.

दुपारी गावात चक्कर मारली. लोहारांचं काम पाहिलं, कुंभारपाऱ्यात मातीचे हत्ती पाहिले. एका दुकानात घडवा मूर्ती तराजूत घालून किलोच्या भावानं विकत होते. याचा मला खरंच राग आला. पातळ भिंतीची मूर्ती ओतणं जास्त अवघड, कारण धातू अरुंद जागेतून गार होण्याआधी सगळीकडे पोचायला हवा. किलोच्या भावात त्या अवघड कामाला कमी पैसे मिळतात आणि जाड, बोजड कामाला जास्त. म्हणजे ज्याचा हात हलका त्यालाच मार. दादांना विचारलं तर म्हणाले, व्यापारी तसंच घेतो, मग आम्हीही काही माल जाड करतो. घरी परतल्यावर कुणी विचारलं, बस्तरहून काही घ्यायचं तर कसं घेऊ, तर मी एवढंच सांगेन: कारागिराच्या घरी जा आणि नगावर घ्या.

दिवस चौथा : जगदलपूर

साचे वाळायला एक दिवस हवाच होता. जगदलपूर पाऊणशे किलोमीटर. तिथलं मानवशास्त्र संग्रहालय 1972 सालचं. फार लोक जात नाहीत, मला तरी ते चित्रकोटच्या धबधब्याहून जास्त आवडलं. जुन्या घडवा देवी तिथं पाहिल्या. पूजेत इतक्या हाताळलेल्या की दोऱ्याच्या रेषा गुळगुळीत होऊन गेलेल्या, नाक-डोळे पुसट. नव्या मूर्तीवर ज्या रेषांचं आपण कौतुक करतो त्या रोजच्या हळदी-तेलानं झिजतात, आणि तेव्हा कुठे ती देवी गावाची होते.

मीरा मुखर्जींचीही तिथं आठवण झाली. बंगालच्या या शिल्पकार (1923–1998) म्युनिकला शिकून आल्या, आणि मग साठच्या दशकात बस्तरमध्ये घडव्यांच्या अंगणात बसून त्यांच्याकडून ओतकाम शिकल्या. पुढे त्यांनी माणसाहून मोठ्या ब्राँझ मूर्ती केल्या आणि त्यांच्या अंगावर या मेणाच्या दोऱ्याची खूण ठेवली.

मोहेंजोदारोच्या नर्तकीचा उल्लेख इथल्या प्रत्येक माहितीपत्रकात असतो. 1926 साली सापडलेली, साडेदहा सेंटिमीटर उंचीची, याच मेण-जाळण्याच्या रीतीनं ओतलेली. अभिमान वाटतोच. पण साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या मुलीचं नाव घेऊन आजच्या माणसाचं नाव पाटीवर न लिहिणं मला पटत नाही. मी पाहिलेल्या एकाही दुकानात मूर्तीखाली घडव्याचं नाव नव्हतं.

वेळ होता म्हणून चित्रकोटलाही जाऊन आले. हिवाळ्यात इंद्रावतीचं पाणी कमी, धबधबा दोन-तीन धारांत विभागलेला. हीच इंद्रावती पुढे आपल्या गडचिरोलीच्या सीमेवरून वाहत सिरोंचाकडे गोदावरीला मिळते. उन्हं कलताना परत निघाले.

दिवस पाचवा : भट्टी

सकाळी सहालाच बोलावलं होतं. धुकं होतं. अंगणाच्या कोपऱ्यात जमिनीत खणलेली भट्टी, तिला पूर्वी चामडी भाता होता, आता विजेचा पंखा आहे. दादांनी आधी अगरबत्ती लावली, नारळ फोडला, चार दाणे तांदळाचे टाकले.

साचे तोंड खाली करून भट्टीत लावले. थोड्या वेळानं मेण पाझरू लागलं, काही ठिबकलं, काही जळालं, मधाचा आणि राळेचा वास सगळ्या अंगणात भरला. आत आता काहीच नव्हतं. मातीच्या दोन भिंती आणि मध्ये हत्तीच्या आकाराची दोऱ्याएवढी जाड पोकळी.

मुशीत मोड घालायची वेळ आली तेव्हा दादांनी तांब्या माझ्या हातात दिला. तो अख्खा मावत नव्हता, ठोकून चपटा करावा लागणार होता. हातोडी त्यांनी स्वतः घेतली. मी ते काठ शेवटचे पाहिले. काठाच्या खाली आजीच्या नावाची दोन अक्षरं टिंबांनी ठोकलेली होती, लग्नात भांड्यांवर नावं घालायची तेव्हाची. तीन घाव. मग तो फुटक्या वाट्या, नळाची तोटी आणि कुणाच्या तरी समईच्या तुकड्यांबरोबर मुशीत गेला.

पितळ नवशे अंशांच्या पुढे वितळतं, पण इथं कुणी अंश मोजत नाही. दादा ज्वाळेकडे बघत होते. आधी पिवळी, मग तिच्या कडेला हिरवट-निळी झाक आली आणि पांढरा धूर निघू लागला. तो जस्ताचा धूर, पितळातलं जस्त जळतं तेव्हाचा. तो छातीला वाईट. दादांनी मला वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं केलं आणि स्वतः तोंडावर फक्त गमछा बांधला. या कामात पन्नाशीनंतर खोकला न लागलेला माणूस दाखवा, असं ते सहज म्हणाले. पोरीकडे त्यांनी तेव्हा पाहिलं नाही, मी पाहिलं.

"झालं," म्हणाले. लाल झालेले साचे चिमट्यानं काढून तोंड वर करून मातीत रोवले. मग दोघांनी मूस उचलली. पहिली धार मावलीच्या साच्यात. देवाचं काम असताना दुसरं आधी ओतत नाहीत. मी ती धार पाहिली, मधासारखी, पण आवाज न करता जाणारी. तोंडाशी धातू भरून आला आणि थांबला. मग एक घोडा. हत्ती शेवटी. तोवर मुशीत तळाला थोडंच राहिलं होतं, आणि शेवटाला धार जरा जड पडली असं मला वाटलं. दादांच्या कपाळावरची आठीही पाहिली. पण कुणी काही बोललं नाही.

चहा घेताना माझ्या उशिरा लक्षात आलं. मी हत्तीसाठी म्हणून तांब्या आणला होता. मुशीत गेल्यावर तो कुणाचाच राहिला नाही. देवी, घोडा, हत्ती, तिघांतही थोडा थोडा गेला, आणि पहिली धार तर मावलीची.

दिवस सहावा

साचे रात्रभर गार झाले होते. दादांनी देवीचा साचा आधी फोडला. जळकी माती खपल्यांनी पडली आणि आतून काळवंडलेला मुकुट दिसला, मग खांडा, मग मांडी घातलेले पाय. सगळं भरून आलं होतं. आईंनी पदर डोक्यावर घेतला. साचा फुटतो, मेण जळतं, त्यामुळे अशी दुसरी होत नाही. पुन्हा करायची तर गाभ्यापासून.

हत्तीचा डावा कान अर्धाच आला होता. कडेला धातू पोचलाच नव्हता, दोऱ्याचे चार पदर अर्ध्यात थांबलेले दिसत होते. बाकी सोंड उत्तम, सुरकुतीही होती. दादा खजील झाले. "धातू थंड पडला. दोष माझा, तुमचा हत्ती आधी घ्यायला हवा होता." मी म्हटलं, देवी आधी घेतलीत हेच बरोबर केलंत. ते ऐकेनात. कानाला मेणाचं ठिगळ लावून, पुन्हा माती चढवून तेवढाच भाग ओतून जोडता येतो, आठ दिवसांत करून पाठवतो म्हणाले. पैसे तेवढे आधीच घ्या म्हटलं तर तेही घेईनात, कान झाल्यावर बघू. शेवटी मी ते आईंच्या हातात ठेवले.

माझी बस साडेअकराची. दहाच्या सुमारास मोटारसायकलवरून दोघे जण आले, मागच्याच्या मांडीवर टोपली. देवी न्यायला. तोवर कानस आणि तारेचा ब्रश मारून ती पिवळी निघाली होती. त्यांनी तिला नव्या लाल कापडात गुंडाळलं, टोपलीत तांदळावर बसवलं. निघताना त्यातल्या वयस्कर माणसानं माझ्याकडे बघून आईंना काही विचारलं. आई हलबीत बोलल्या. बरंचसं कळलं नाही, पण हाताची खूण भट्टीकडे होती, आणि मध्ये एकदा त्या माझ्याकडे बोट करून 'चो' म्हणाल्या, कुणाचं तरी काहीतरी.

तो माणूस टोपली घेऊन पुन्हा ओट्यावर आला. कापड एका बाजूनं सोडलं आणि देवीची बैठक माझ्यापुढे धरली. मी दोन बोटं टेकवली. दोऱ्याच्या रेषा अजून धारदार होत्या.